वर्गातल्या मुली कुठे गेल्या?



रत्नागिरीत १९७५ साली दहावी झालेल्या आमच्या वर्गाने पन्नास वर्षांनी स्नेहमेळावा ठरवला. जुन्या हजेरीपटावरून यादी करायला बसलो. मुलगे आठवड्याभरात सापडले. कोणी मुंबईला गेला, कोणी इथेच आंब्याच्या धंद्यात, नावे तीच. मुली मात्र सापडेनात. आडनाव बदललेले, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे, आणि कित्येकींचे स्वतःचे नावही लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून बदललेले. (जावयाचे नाव बदलल्याचे मी तरी ऐकलेले नाही!) माहेरी आईवडील गेले, घर विकले, की चौकशी करायची कोणाकडे?

देवरुखच्या गोदूबाई १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून आनंदीबाई झाल्या. त्यांची दोन्ही नावे आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांनी आत्मचरित्र लिहिले. बाकीच्यांचे काय?

लग्नानंतर नाव बदलण्याची सक्ती कोणताही कायदा करत नाही. २०२४ मध्ये शासनाने मुलांच्या नावापुढे आईचे नाव आणले, ते चांगलेच झाले. पण विवाहितेच्या नावापुढे नवऱ्याचे नाव लावण्याची रीत तशीच ठेवली.

एकजण मला मिरकरवाड्याला मासे घेताना दिसली. शाळेतल्या नावाने हाक मारली, तर आधी वळलीच नाही. मग माझा हात धरून रडली. मेळाव्याचे विचारले, तर म्हणाली, "ह्यांना विचारून सांगते."

यादीत मी तिची दोन्ही नावे लिहिली आहेत, शाळेतले आधी. अजून अकरा जागा रिकाम्या आहेत. तुमच्या शेजारी, नात्यात कोणी रत्नागिरीची माहेरवाशीण असेल, तर तिला तिचे पहिले नाव विचारा आणि आम्हाला कळवा.