जुन्या मोटारीचे मोल किती द्यावे?

आपल्या समाजातील काही तरुण मंडळींना अलीकडे जुन्या मोटारी विकत घेऊन त्यांचा जीर्णोद्धार करण्याची हौस लागलेली दिसते. ही हौस निंद्य आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. वडिलांच्या काळातील वस्तू जतन करावी ही भावना चांगलीच होय. प्रश्न एवढाच, की अशा नादुरुस्त मोटारीस किती रक्कम द्यावी? या प्रश्नाचे उत्तर आपल्या धंद्यातच आहे. पण मोटार दृष्टीस पडताच आपल्याला धंद्याचा विसर पडतो.

या हौसेत बहुतेकांची नजर जुन्या फियाटकडे वळते, आणि त्याला कारणही आहे. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली. फियाट ११०० ही गाडी याच कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होत असे. १९७४ पासून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढे तिचे उत्पादन थांबले आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आपल्याच एका समाजबांधवाच्या पुरुषार्थाची ही खूण घरी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि आदर निराळा आणि व्यवहार निराळा. विक्रेता आपल्या आदराचे पैसे घेतो. गाडीचा पत्रा त्यामुळे सुधारत नाही.

खडेमाती मिसळलेला माल विकत घेताना आपण काय करतो? निवडून स्वच्छ झालेल्या मालास बाजारात काय भाव येईल, हे प्रथम पाहतो. त्यातून घट, चाळणी, हमाली, भाडे व व्याज वजा करतो, आणि जे उरेल तोच आपला खरेदीचा भाव. मोटारीचा हिशेबही असाच उलट दिशेने करावा. केवळ रीत समजावी म्हणून काल्पनिक आकडे घेतो. उत्तम तयार झालेली गाडी ५,००,००० रुपयांस मिळते असे धरा. पत्रा व रंगकाम १,५०,०००, इंजिन व गिअर ७५,०००, गाद्या, वायरिंग व क्रोम ६०,०००, कागदपत्रे व वाहतूक २५,०००, एकूण ३,१०,०००. जुन्या वस्तूत न दिसणारे दोष निघतातच, म्हणून त्यावर पाचवा हिस्सा, म्हणजे ६२,००० आणखी धरावा. खर्च ३,७२,००० झाला. उरले १,२८,०००. याहून एक रुपयाही अधिक देणारा मनुष्य मोटार घेत नाही, तोटा विकत घेतो. वजाबाकी शून्यावर आली, तर त्या गाडीचे मोल भंगाराइतकेच समजावे, मग विक्रेता काहीही सांगो.

पोत्याच्या तोंडाशी असलेला दाणा पाहून आपण सौदा करीत नाही. सळई खुपसून आतली वानगी काढतो. फियाटला स्वतंत्र सांगाडा नसतो. तळाचा पत्रा, दाराखालचे उंबरठे व खांब हाच तिचा सांगाडा. आमच्या सिल्वासासारख्या मुसळधार पावसाच्या प्रदेशात गंज प्रथम तेथेच धरतो. म्हणून इंजिन सुरू होते की नाही यापेक्षा गालिचा उचलून तळ पाहणे महत्त्वाचे. साधे लोहचुंबक जवळ ठेवावे. ते जेथे चिकटत नाही तेथे रंगाखाली पत्रा नसून लांबी भरलेली आहे असे समजावे. इंजिनाचे भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात शोधता येतात. कुजलेला तळ मात्र कारागिराने दिवसच्या दिवस खपून नव्याने घडवावा लागतो.

दुसरी वानगी कागदपत्रांची. आमचा प्रदेश लहान. एका बाजूस गुजरात, दुसऱ्या बाजूस महाराष्ट्र. त्यामुळे येथे येणारी जुनी गाडी बहुधा परराज्यातील असते, आणि तेथील ना हरकत दाखल्यावाचून ती आपल्या नावावर होत नाही. मूळ नोंदणीपुस्तक नसलेली गाडी स्वस्त मिळाली तरी ती महागच होय. केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी नियम केले. त्यानुसार नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन व देखभाल अशा ठराविक कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. तेव्हा रोज दुकानात जाण्यास गाडी होईल, हे समर्थन या वर्गात टिकत नाही.

आणखी एक समर्थन नेहमी ऐकू येते: ‘ही गुंतवणूक आहे.’ माझे स्पष्ट मत असे, की आपल्यासारख्यांसाठी ही गुंतवणूक नव्हे, हौस आहे. आणि हौसेचा खर्च घरखर्च खात्यातच नावे पडावा, दुकानाच्या खात्यात नव्हे. मोटारीचा खर्च एकरकमी दिसत नाही. तो आठवड्या-आठवड्याने गॅरेजमध्ये जातो, आणि ऐन हंगामात माल भरण्याच्या वेळी रोकड अपुरी पडते. मग गाडी अर्धवट अवस्थेत ताडपत्रीखाली उभी राहते, आणि बापलेकांत अबोला धरला जातो. मोटारीच्या किमतीत हा अबोला कोणी मोजत नाही.

आपल्या धर्मात श्रावकाला परिग्रह-परिमाण व्रत सांगितले आहे. त्याचे मर्म असे, की मर्यादा वस्तू समोर येण्यापूर्वी ठरवायची असते. मोह उत्पन्न झाल्यावर ठरविलेली मर्यादा मर्यादा राहत नाही. म्हणून गाडी पाहण्यास निघण्यापूर्वीच घरातील सर्वांसमक्ष दोन आकडे कागदावर लिहावेत: गाडीस जास्तीत जास्त किती देणार, आणि सर्व मिळून किती खर्चणार. तो कागद खिशात घालून जावे. सौदा त्या आकड्यात बसला, तर गाडी आनंदाने घरी आणावी. न बसला, तर विक्रेत्यास जयजिनेंद्र करून परत यावे.