विश्लेषण : ट्रेलरला जादा डिझेल टाकी लावणे किती सुरक्षित?

डिझेल अद्याप वस्तू व सेवा कराच्या कक्षेत आलेले नाही. त्यावर प्रत्येक राज्य स्वतःचा मूल्यवर्धित कर लावते. त्यामुळे सीमा ओलांडली की पंपावरचा दर बदलतो. जिथे स्वस्त मिळेल तिथे जास्त भरून घ्यायचे, हा वाहतूकदारांचा साधा हिशेब. त्यातूनच महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये ट्रेलरला जादा टाकी लावून घेण्याची कल्पना पुढे येते. काम वरवर सोपे दिसते. पत्र्याची पेटी, दोन पट्टे, एक नळी आणि थोडे वेल्डिंग. मात्र बहुतेक धोका टाकीपेक्षा तिच्या जागेत, नळीत आणि जोडणीत दडलेला असतो.

जादा टाकीची गरज कोणाला?

गरज दोन प्रकारची असते. पहिली लांब पल्ल्याची. जड मालवाहतुकीच्या हॉर्सला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या वाहनाला, साधारण ३०० ते ४०० लिटरची टाकी असते. भरलेला ट्रेलर लिटरमागे तीन किलोमीटर चालला, तर ३५० लिटरमध्ये हजार किलोमीटरचा पल्ला गाठता येतो. स्वस्त दराच्या राज्यातून भरलेले डिझेल परतीच्या प्रवासालाही पुरावे, म्हणून आणखी टाकी हवी असते.

दुसरी गरज थंड ठेवाव्या लागणाऱ्या मालाची. नाशिकची निर्यातीची द्राक्षे शीत कंटेनरमधून उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जातात. रस्त्यावर कंटेनरच्या यंत्रणेला वीज मिळते ती जनरेटरमधून, आणि जनरेटरला लागते डिझेल. घाटात कोंडी झाली किंवा बंदराबाहेर रांग लागली, तर चाके थांबतात पण जनरेटर थांबवता येत नाही. तो बंद पडला तर माल खराब होण्याची भीती असते. पहिल्या गरजेत टाकी हॉर्सच्या इंजिनासाठी असते, दुसऱ्या गरजेत ट्रेलरवरच्याच यंत्रासाठी. सुरक्षेच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे.

डिझेल सहज पेट घेत नाही, हे खरे का?

पेट्रोलच्या तुलनेत खरे, पण भारतीय उन्हाळ्यात ते अर्धसत्य ठरते. ज्या तापमानाला इंधनाची वाफ ठिणगीने पेटू शकते, त्याला ज्वलनबिंदू म्हणतात. अमेरिकेत ट्रकसाठी वापरल्या जाणाऱ्या सर्वसाधारण डिझेलचा ज्वलनबिंदू किमान ५२ अंश सेल्सिअस, तर युरोपात ५५ अंशांच्या वर असावा लागतो. भारतीय मानकानुसार ही किमान मर्यादा ३५ अंश आहे. विदर्भात मे महिन्यात सावलीतला पारा ४५ अंशांवर जातो. त्यातच आधुनिक कॉमन रेल इंजिन न वापरलेले गरम डिझेल टाकीत परत पाठवते. त्यामुळे अशा दिवसांत टाकीतले डिझेल ज्वलनबिंदूच्या वर असू शकते. परदेशी चित्रफितींमधला 'डिझेल सुरक्षित असते' हा दिलासा म्हणूनच इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

अपघातात तर डिझेलची फवारणी होते आणि तापलेला धातू किंवा ठिणगी मिळाली की भडका उडतो. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. ती बसही डिझेलवरच चालणारी होती.

ट्रेलरवरची टाकी वेगळी का ठरते?

हॉर्स आणि ट्रेलर ही दोन वाहने एका खिळ्याभोवती, म्हणजे किंगपिनभोवती, वळत असतात. वळणावर त्यांच्यातला कोन सतत बदलतो. टाकी ट्रेलरवर आणि इंजिन हॉर्सवर असेल, तर दोहोंमधील नळी प्रत्येक वळणाला ताणली जाते, पिळली जाते आणि घासली जाते. ब्रेकच्या हवेच्या नळ्याही तिथूनच जातात. पण हवेची नळी फुटली तर ब्रेक लागून गाडी थांबते; डिझेलची नळी फुटली तर इंधन तापलेल्या भागांवर किंवा रस्त्यावर सांडते. मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठी तेवढे सांडणेही जीवघेणे ठरू शकते.

अमेरिकेच्या संघीय वाहतूक नियमांत याबाबत स्पष्ट तरतूद आहे. वाहन चालत असताना ओढणारे आणि ओढले जाणारे वाहन यांच्यामध्ये इंधनाची नळी असता कामा नये, असे तिथले कलम ३९३.६५ सांगते. त्याच कलमानुसार इंधन केवळ उंचीच्या फरकाने इंजिनाकडे वाहू देण्यासही मनाई आहे. भारतातल्या गॅरेजसाठी हे नियम बंधनकारक नाहीत, पण त्यामागचे भौतिकशास्त्र दोन्हीकडे सारखेच आहे. ट्रेलरवरची टाकी ट्रेलरवरच्याच यंत्राला इंधन पुरवणारी असावी. हॉर्ससाठी जास्त इंधन हवे असेल, तर वाहन उत्पादकाच्या मोठ्या टाकीचा पर्याय मागावा.

नळीची जोडणी कशी चुकते?

सर्वात नेहमीच्या चुका तीन. पहिली, जादा टाकी मुख्य टाकीपेक्षा उंच लावून साधी नळी जोडणे. दोन्हींतली पातळी समान होईपर्यंत डिझेल खाली वाहत राहते आणि खालच्या टाकीच्या झाकणातून किंवा श्वासनळीतून बाहेर येते. दुसरी, दोन टाक्या तळाशी उघड्या नळीने जोडणे. रस्त्यावरच्या दगडाने ती नळी तुटली तर दोन्ही टाक्या एकदम रिकाम्या होतात. तिसरी चूक पटकन लक्षात येत नाही. इंजिन डिझेल जादा टाकीतून ओढते, पण न वापरलेले डिझेल मुख्य टाकीत परत जाते. मुख्य टाकी आधीच भरलेली असेल, तर काही वेळाने ती वाहू लागते.

जादा टाकीचे यंत्र कोणतेही असो, डिझेल ज्या टाकीतून घेतले तिथेच परत जायला हवे. नळी टाकीच्या तळातून नव्हे, तर वरच्या बाजूने घेतलेली बरी. म्हणजे नळी निसटली तरी टाकी आपोआप रिकामी होत नाही. बंद करण्याचा व्हॉल्व्ह हाताशी येईल असा हवा.

टाकी कुठे आणि कशी बसवावी?

एका लिटर डिझेलचे वजन साधारण ८३० ग्रॅम असते. म्हणजे २०० लिटर डिझेलचे १६६ किलो आणि ४०० लिटरचे ३३२ किलो. टाकी आणि पट्ट्यांचे वजन वेगळे. हे वजन खड्ड्यांत वर-खाली, ब्रेक लागला की पुढे आणि वळणावर बाजूला ओढ घेते. त्यामुळे टाकी चेसिसच्या मुख्य तुळईलाच धरलेली हवी. ट्रेलरच्या फळीला किंवा बाजूच्या पत्र्याला नव्हे. तुळईच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडणे किंवा तिथे वेल्डिंग करणे टाळावे, कारण तडे तिथूनच सुरू होतात. टाकीच्या आत छिद्रे असलेले आडवे पडदे, म्हणजे बॅफल, हवेत. ते नसतील तर अर्धी भरलेली टाकी आतून धक्के देत राहते.

टाकी वाहनाच्या रुंदीबाहेर येऊ नये. ती टायर फुटल्यावर तुकडे उडतात त्या रेषेत नसावी आणि सायलेन्सर किंवा जनरेटरच्या धुराड्याजवळ नसावी. बाजूचे संरक्षक कठडे काढून तिथे टाकी लावणे ही गंभीर चूक आहे. दुचाकीस्वार किंवा पादचारी चाकाखाली जाऊ नये, यासाठी ते कठडे असतात.

टाकी काठोकाठ भरणेही धोक्याचे आहे. तापमान २५ अंशांनी वाढले, तर ४०० लिटर डिझेल सुमारे आठ लिटरने फुगते. म्हणूनच अमेरिकी नियमांत टाकी ९५ टक्क्यांपेक्षा जास्त भरताच येणार नाही, अशी रचना बंधनकारक आहे. वाहनाच्या बाजूला बसवलेली टाकी ३० फुटांवरून कोपऱ्यावर टाकून तपासण्याची अटही तिथे आहे. टाकीला हवा आत-बाहेर करणारी श्वासनळी हवी आणि वाहन उलटले तर ती आपोआप बंद होणारी हवी.

गॅरेजमध्ये बनवलेली टाकी चालते का?

साहित्यापासूनच अडचणी सुरू होतात. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजत नाही म्हणून निवडला जातो. मात्र डिझेलमधील आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि तो फिल्टर व इंजेक्टर तुंबवतो. बीएस-६ इंजिनातील इंजेक्टर अतिशय सूक्ष्म छिद्रांचे असल्याने हे नुकसान महागात पडते.

जीवाचा धोका मात्र वेल्डिंगमध्ये आहे. जुनी टाकी किंवा पिंप कापून नवी टाकी बनवताना 'रिकामीच आहे' असे समजून टॉर्च लावली जाते. प्रत्यक्षात रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक ठरू शकते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण असते. आत शिल्लक राहिलेला डिझेलचा थर वेल्डिंगच्या उष्णतेने पुन्हा वाफाळतो. त्यामुळे एकदा पाण्याने धुणे पुरेसे नसते. वापरलेल्या टाकीला वेल्डिंग न करणे हाच सामान्य गॅरेजसाठी सुरक्षित नियम.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. कलम ६१ मुळे नोंदणीच्या प्रकरणातील तरतुदी ट्रेलरलाही लागू होतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. काम गॅरेजने केले असले तरी या कलमाखाली जबाबदारी मालकाची आहे.

पेट्रोलियम कायदा, १९३४ चे कलम ९ वाहनाच्या अंगभूत टाकीतील इंधनाला परवान्यातून सूट देते. पण ही सूट नोंदणीचे नियम पाळणाऱ्या वाहनमालकासाठी आहे. त्यामुळे टाकी लावण्यापूर्वी आरटीओकडे विचारणा करणे आणि ट्रेलर उत्पादकाचा लेखी सल्ला घेणे, हाच मार्ग उरतो. न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतर विम्याच्या दाव्यावरही वाद उभा राहू शकतो.

फायद्याचे गणित जुळते का?

दोन राज्यांतील दरात लिटरमागे दोन रुपयांचा फरक धरला, तर ४०० लिटरच्या जादा टाकीमागे एका फेरीत ८०० रुपये वाचतात. पाच हजारांचा एक दंड म्हणजे सहाहून अधिक फेऱ्यांची बचत. त्यात टाकीचा खर्च आहे आणि सुमारे पावणेचारशे किलोने घटणारी मालाची क्षमताही. शीत कंटेनरच्या जनरेटरचे गणित वेगळे आहे. तिथे जादा इंधन माल वाचवते आणि टाकी ट्रेलरवरच्याच यंत्राची असल्याने दोन वाहनांमधील नळीचा प्रश्नच येत नाही. तिथेही जनरेटर उत्पादकाची तयार टाकी हाच योग्य पर्याय.

या हिशेबात चालकाचे नाव मात्र कुठेच येत नाही. टाकी लावायची की नाही हे मालक ठरवतो, ती कशी लावायची हे गॅरेज ठरवते, आणि तिच्यासोबत रात्रभर रस्त्यावर असतो तो चालक. पंपावरून निघण्यापूर्वी टाकीखाली ओल आहे का, पट्टे सैल झालेत का आणि नळी कुठे घासते आहे का, हे पाहायला पाच मिनिटे लागतात. ती पाच मिनिटे त्याला मिळतील, इतपत वेळ फेरीच्या वेळापत्रकात ठेवणे मालकाच्याच हातात आहे.