‘योगायोगाने’ हा शब्द खोडू नका

इंग्रजी पवित्र शास्त्राच्या जुन्या भाषांतरांत ‘हॅप’, ‘हॅप्ली’, ‘पराडव्हेंचर’ असे शब्द भेटतात. योगायोग वा ‘कदाचित’ सुचविणारे हे शब्द काही श्रद्धाळू वाचकांना खटकतात. सारे काही ईश्वरी योजनेने घडते, मग देवाच्या शब्दांत योगायोगाला जागा कशी, असा त्यांचा आक्षेप. तेथे ‘ईश्वरेच्छेने’ असेच लिहावयास हवे होते, असे मला अनेकदा ऐकविण्यात आले आहे. हा आग्रह भक्तीतून आलेला असेल. परंतु तो शास्त्राशी प्रामाणिक नाही.

सरवा वेचण्यास निघालेली रूथ नेमकी बवाजाच्या शेतात पोहोचते. १६११ च्या राजा जेम्स भाषांतराने तेथे ‘हॅप’ हा शब्द योजला. तो मूळचा नॉर्स भाषेतला. ‘हॅपन’ आणि ‘हॅपी’ ही त्याचीच भावंडे. त्याचा अर्थ आंधळे नशीब नव्हे, तर न मागता वाट्याला आलेले. मूळ हिब्रूत तेथे ‘मिक्रे’ आहे, म्हणजे समोर येऊन ठाकलेली गोष्ट. उत्पत्तीच्या २४ व्या अध्यायात अब्राहामाचा सेवक विहिरीपाशी देवाला आळवितो, तेव्हा त्याच्या ओठी याच धातूचे क्रियापद आहे. रूथला जो योगायोग, तोच सेवकाच्या प्रार्थनेत कृपा! शास्त्रकाराने देवाचे नाव घेतले नाही, म्हणून देव तेथे नव्हता असे कोण म्हणेल?

‘पराडव्हेंचर’चेही तसेच. सदोमासाठी रदबदली करताना अब्राहाम सहा वेळा ‘कदाचित’ म्हणतो. पन्नास नीतिमानांपासून दहांपर्यंत उतरतो. हा ‘कदाचित’ अश्रद्धेचा नव्हे, आशेचा आहे. तो खोडला तर प्रार्थनाच मुकी होईल.

हा केवळ शब्दांचा वाद नाही. अपघातात तरुण मुलगा गमावलेल्या एका मातेला, शवपेटी घरात असतानाच, ‘देवाचीच इच्छा’ असे सांगितलेले मी ऐकले आहे. तिने मान वर केली नाही. सिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने केला आणि स्वतःच नकार दिला. जेथे प्रभूने सोपे उत्तर नाकारले, तेथे आपण ते कोणत्या अधिकाराने देतो? देव दुःखातूनही कल्याण घडवितो, ही आपली श्रद्धा. प्रत्येक आघात त्याच्या हातून झाला, हे म्हणणे निराळे.

आणि दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात धर्मगुरू त्या वाटेने योगायोगाने आला, असे खुद्द प्रभूच सांगतो. लूकने वापरलेला तो ग्रीक शब्द नव्या करारात अन्यत्र कोठेही नाही. मी स्वतः धर्मगुरू असल्याने तो मला बोचतो. येणे योगायोगाचे होते. बाजूने निघून जाणे मात्र त्याच्या निवडीचे होते. तेथे ‘ईश्वरेच्छेने’ असे लिहिले, तर त्या धर्मगुरूला आयतीच पळवाट मिळेल.

आणि त्याच्याबरोबर आपल्या सर्वांनाही.