पिशवी लहान झाली, वजन तेच राहिले

फाल्गुन-चैत्रात ज्यांच्या अंगणात पिंपळ वा देशी बदाम उभा आहे, त्यांना पानगळीचे कौतुक फार दिवस टिकत नाही. सकाळी झाडलेले अंगण दुपारपर्यंत पुन्हा भरते. पूर्वी तो पाला कोपऱ्यात ओढून पेटवून देत. आता उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा व्यवस्थापन नियमांनी मनाई आहे, आणि दम्याच्या रुग्णांकडे पाहता ती मनाई मला मनापासून पटते. मग पाला पिशव्यांत भरावा लागतो. फुगलेल्या पाच-सहा पिशव्या जिन्याखाली साठल्या की घरातल्या कोणाला तरी युक्ती सुचते : रजया ठेवण्याच्या पिशवीतली हवा आपण व्हॅक्यूम क्लीनरने काढतो, मग पाल्याच्या पिशवीतली का काढू नये?

युक्ती चुकीची नाही. कोरड्या पाल्याच्या पिशवीत पानांपेक्षा हवाच अधिक असते. घरगुती यंत्र आतला दाब साधारण 15 ते 20 टक्क्यांनी उतरवते. ऐकायला हे थोडे वाटते. पण तेवढ्याने बाहेरची हवा पिशवीच्या प्रत्येक चौरस फुटावर दीडशे किलोच्या आसपास भार टाकते. पाने चुरडतात, पिशवी आक्रसते. माझी चिंता त्यानंतर सुरू होते.

पहिली गोष्ट वजनाची. हवा गेली, पाने तिथेच राहिली. समजा, पूर्वी एका पिशवीत चार किलो पाला मावत असे. आता जागा झाली म्हणून आपण त्यात आणखी दोनदा भर घालतो आणि पिशवी बारा किलोंची होते. डोळ्यांना ती पहिल्याएवढीच दिसते. हात तिच्याकडे पूर्वीच्याच अंदाजाने जातो, कंबर वाकते आणि झटका बसतो. हाडे ठिसूळ झालेल्या वयात, विशेषतः स्त्रियांमध्ये, वाकून असे ओझे उचलताना मणका दबून मोडू शकतो. पडणे, आपटणे काहीच घडलेले नसल्यामुळे कित्येक जण ‘पाठ भरून आली’ असे म्हणत तेल चोळत आठवडा घालवतात. ओझे उचलल्यानंतर पाठीच्या मध्यभागी तीव्र दुखू लागले आणि कूस बदलताना कळ येऊ लागली, तर एक्स-रे काढून घ्यावा. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी तर या पिशव्यांना हातच लावू नये. पिशवी किती भरावी, याचे माझे माप सोपे आहे : घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला ती एका हाताने, श्वास न रोखता उचलता आली पाहिजे.

दुसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून अधिक सांगावीशी वाटते. पाल्यावर बुरशी असते. ती नसती तर पाला कुजलाच नसता. या बुरशीचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉन आकाराचे, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी बारीक असतात. साध्या व्हॅक्यूम क्लीनरची कापडी वा कागदी पिशवी धूळ अडवते, बीजाणू पुरतेपणी अडवत नाही. पिशवीतून शोषलेली हवा यंत्राच्या मागून जोराने बाहेर पडते. यंत्र दिवाणखान्यात असेल, तर अंगणातली बुरशी आपण स्वतःच घरात फवारली असे होते. निरोगी माणसाला बहुधा एखाद-दुसरी शिंक येईल. दमा असलेल्यांचे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांचे, केमोथेरपी चालू असलेल्यांचे तसे नाही. पूर्वी क्षयरोग होऊन गेलेल्या फुप्फुसात पोकळी उरली असेल, तर तिच्यात बुरशी घर करू शकते आणि पुढे खोकल्यातून रक्त पडते. 2021मध्ये कोविडच्या लाटेत काळ्या बुरशीचे नाव घरोघरी पोहोचले. तिचाही मुक्काम माती आणि कुजत्या पाल्यातच असतो, आणि अनियंत्रित मधुमेह तिला वाट मोकळी करून देतो.

ओला पाला दाबून बंद करणे सर्वांत वाईट. दोन-तीन दिवसांत पिशवी आतून उबदार होते, बुरशी माजते आणि तोंड उघडताच तिचा लोट थेट चेहऱ्यावर येतो. शिवाय घरगुती यंत्राने ओल ओढली, तर मोटार जळण्याची व विजेचा धक्का बसण्याची भीती आहेच.

तरीही कोणाला ही युक्ती वापरायची असेल, तर पाला दोन उन्हे दाखवून खडखडीत वाळवावा. नळीच्या तोंडाला जुना पायमोजा बांधावा, म्हणजे पाने आत अडकणार नाहीत. यंत्र अंगणातच, मागचा झोत माणसांपासून दूर राहील असे ठेवावे. पिशवी आक्रसताच ते बंद करावे, कारण पुष्कळ यंत्रांची मोटार वाहत्या हवेनेच थंड राहते. हवा अडली की ती तापते. नाका-तोंडावर एन-95 मुखपट्टी असावी. पदर किंवा रुमाल इथे पुरत नाही. हे काम घरातल्या तरुणाने करावे, आजोबांनी खुर्चीवरून सूचना द्याव्यात. तेवढा मान त्यांचा आहेच!

मला विचाराल, तर यंत्र कपाटातच बरे. झाडण्यापूर्वी सड्यासारखे हलके पाणी शिंपडले की धूळ उडत नाही. आपल्या आज्या हे न सांगता करत होत्या. लांब दांड्याच्या पंजाने पाला ओढला, तर वाकावे लागत नाही. ढिगात हात घालण्याआधी काठीने तो हलवावा, कारण विंचवाला तिथला गारवा आवडतो. हातमोजे घालावेत, आणि धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे उलटली असतील तर ती पुन्हा घ्यावी. जागा असेल तिथे मोकळ्या कोपऱ्यात खड्डा करून पाला कुजू द्यावा. मात्र तो उलथताना मुखपट्टी विसरू नये.

आणि सेवा करणाऱ्यांसाठी एक सूचना. पाल्याचे काम केल्यानंतर चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, छातीत जडपणा आणि धाप अशी लक्षणे दिसली, तर तो फ्लूच असेल असे गृहीत धरू नका. बुरशीच्या धुळीने फुप्फुसाला सूज येऊन असे होऊ शकते. दोन दिवसांत ते ओसरते आणि पुढच्या सफाईला पुन्हा उपटते. मधुमेही माणसाचा एका बाजूचा चेहरा दुखू लागला, डोळा सुजला किंवा नाकातून काळपट स्राव आला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. दोन्ही वेळी डॉक्टरांना आपण होऊन सांगा, की परवा घरी पाला भरला होता. तपासताना आम्ही औषधे विचारतो, पथ्य विचारतो. अंगणाविषयी विचारायचे बहुधा आमच्या ध्यानात येत नाही.