कालव आणि दाताळे

कालव खाडीच्या चिखलात सापडते. दाताळेही परसातल्या चिखलात माखते. एवढ्यावरून दोन्ही एकाच जातीची, असे कोणी म्हणू लागला तर कोकणातले शेंबडे पोरही हसेल. परंतु पांढुर्ण्याच्या गोटमारीची तरफदारी करताना आपली शहाणी मंडळी नेमका हाच न्याय लावतात.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा बांधतात. एका काठावरून पांढुर्णेकर, दुसऱ्या काठावरून सावरगावकर परस्परांवर दगडांचा वर्षाव करतात. झाड तोडून आणलेला झेंडा चंडीमातेला अर्पण होतो. दरसाल शेकडो जखमी होतात. प्राणही गेलेले आहेत. सरकारने रबरी चेंडू देऊन पाहिले. लोकांनी दगडच उचलले.

यावर विचारले जाते, की २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू व बैलगाडा शर्यती वैध ठरविल्या, मग गोटमारीवरच डोळा का? वाचकहो, तेथे वाद होता तो प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यात राज्यांनी केलेल्या दुरुस्त्यांचा. गोटमारीसाठी कोणत्या विधिमंडळाने कोणती दुरुस्ती केली आहे?

दुसरा बचाव संमतीचा. भारतीय न्याय संहितेचे कलम २५ प्रौढाची संमती मानते. पण ज्या कृत्याने मृत्यू वा जबर दुखापत संभवते हे कर्त्याला ठाऊक आहे, त्याला ते संरक्षण देत नाही. मैत्रीने खेळलेला पट्टा त्यात बसेल. मस्तकावर भिरकावलेला धोंडा बसणार नाही.

सुधारकांनीही फार आनंदू नये. गोटमारीकडे बोट दाखवून जे सगळ्याच यात्राजत्रांना रानटी ठरवितात, तेही कालव नि दाताळे एकाच तराजूत घालतात. त्याच जिल्ह्यात, सौसरजवळ जामसावळीस निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला माणसे लोटतात. त्यांचा या दगडांशी संबंध काय?

तुलनाच हवी तर समानांची करावी. उत्तराखंडात देवीधुऱ्याला राखीपौर्णिमेस देवीपुढे अशीच दगडफेक होई. २०१३ साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तेथे फळेफुले फेकण्याची प्रथा पडली. दगड अजून पुरते गेले नसतील. पण उत्सव बुडालेला नाही.

चंडीला झेंडा पोचतो, रक्त नव्हे. तेव्हा झाड रोवा, झेंडा चढवा, पाण्यात उतरून तो जिंकून आणा. दगड मात्र नदीतच राहू द्या.