फोनची पेटी आली, पण लाइटचं काय?

ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना केंद्र सरकारने 2011 साली मंजूर केली. पुढे तिलाच भारतनेट हे नाव मिळाले. सातबारा, दाखले, योजनांचे अर्ज अशी गावाची बरीच कामे आता इंटरनेटवर आली आहेत. पण आमच्या निलंगा तालुक्यात काय किंवा शेजारच्या औशात काय, पेटी कुठे बसवायची यावर चर्चा होते. तिला लाइट कुठून द्यायची, हे फारसे कुणी विचारत नाही.

जुना तांब्याच्या तारेचा फोन आठवा. गावात लाइट नसली तरी तो वाजायचा. एक्स्चेंजमधल्या 48 व्होल्टच्या बॅटऱ्यांची वीज त्याला तारेतूनच मिळायची. फायबरची तार काचेची. तिच्यातून उजेड जातो, वीज जात नाही. म्हणून लाइट गेली की पेटी मुकी होते.

दुसरा प्रश्न जिवाचा. डीपीवर न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टच्या जागी 400 पर्यंत दाब येऊ शकतो. पावसाळ्याच्या तोंडावर कडाडणाऱ्या विजेचा झटकाही लाइटच्या वायरीतून आत शिरतो. मोटर जळते तशी पेटीही जळते. अर्थिंग नसेल तर पेटीच्या लोखंडी कपाटाला हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

तेव्हा शेतकरी बंधूंनो, सरपंचांनो, चार गोष्टी आधी करून घ्या.

एक, पेटीला बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्या. तिच्यावर एमसीबी आणि 30 मिलिअँपिअरची गळती ओळखून लाइन तोडणारा स्विच बसवा. आकड्याची किंवा जोड दिलेली वायर नको.

दोन, अर्थिंग. आपली तेरणा-मांजराकाठची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, आणि कोरड्या मातीत अर्थिंग नावालाच उरते. खड्ड्यात अधूनमधून पाणी सोडा आणि दरवर्षी वायरमनकडून मोजून घ्या.

तीन, दाब वाढताच लाइन तोडणारे कटऑफ आणि विजेचा झटका अडवणारे उपकरण, दोन्ही लावा. एकाचे काम दुसरे करत नाही.

चार, बॅटरीचा हिशेब. पेटी आणि राउटर मिळून साधारण 25 वॅट खातात. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-तासाची चांगली बॅटरी अर्धीच वापरली तरी बारा-पंधरा तास निभावते. त्याच बॅटरीवर कॉम्प्युटर आणि पंखा जोडला, तर दोन-अडीच तासांत सगळेच बंद. बॅटरी हवेशीर जागी ठेवा. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाणी कोण घालणार, त्याचे नावही ठरवा.

पेटी सरकारची असली तरी गैरसोय आणि धोका गावाचाच आहे. म्हणून हा खर्च ग्रामपंचायत विकास आराखड्यात धरला पाहिजे. येत्या ग्रामसभेत सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एवढेच विचारा : अर्थिंग शेवटचे कधी मोजले? तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही.