पारायण पुरे झाले, आचरणाचे काय?

गावात अखंड हरिनाम सप्ताह बसला की आठवडाभर गावाची रीतच बदलते. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि मग जागर. व्यासपीठचालक ओवी उचलतात आणि मंडपात ओळीने बसलेले वाचक, पुढ्यातल्या पोथीवर बोट ठेवून, त्यांच्यामागून म्हणत जातात. सुमारे ९००० ओव्या सात दिवसांत म्हणजे दिवसाला जवळजवळ १३०० ओव्या होतात. शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन होते, महाप्रसादाच्या पंगती उठतात आणि मंडप सुटतो. पुढच्या आठवड्यात त्याच मंडपात शेजारी बसून वाचणारे दोन भाऊ बांधाच्या भांडणासाठी तालुक्याच्या कोर्टात समोरासमोर उभे असतात. पसायदान म्हणणाऱ्या घरातच बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते.

पोथी आणि वागणूक यांत असे अंतर राहायचेच, असे आपण धरून चाललो आहोत. त्याला आधार म्हणून काही युक्तिवादही तयार झाले आहेत. ते नीट तपासले पाहिजेत, कारण ते टिकणारे नाहीत.

पहिला युक्तिवाद श्रद्धावंतांचा: अर्थ कळो न कळो, ओवी कानावर पडली तरी पुण्य लागते. या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. अक्षरओळख नसलेल्या हजारो घरांत ज्ञानेश्वरी जिवंत राहिली ती कानांच्या आधारावर. पाठांतराला नावे ठेवण्याचा कोणालाच अधिकार नाही. पण ज्ञानेश्वरांचा हेतू एवढाच असता, तर शके १२१२ मध्ये नेवाशाला हा ग्रंथ सांगण्याचे कारण काय होते? कानावर पडायला गीतेचे ७०० संस्कृत श्लोक पुरेसे होते. ते लोकांना कळावेत म्हणूनच त्यांनी मराठीत हजारो ओव्यांचा विस्तार केला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये जुन्या प्रती ताडून ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीही याचसाठी. अर्थाला महत्त्व नसते, तर पाठ शुद्ध करण्याचे कष्ट कोणी घेतले असते? जो ग्रंथ कळावा म्हणून सांगितला गेला, तो न कळता वाचत राहणे ही सुरुवात असू शकते, सांगता नव्हे.

दुसरा युक्तिवाद सुशिक्षितांचा: माणसाने चांगले वागावे, पोथी हवीच कशाला? आणि पुरावा म्हणून गाडगेबाबांचे नाव घेतले जाते. दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावात कीर्तन करायचे. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या माणसाने धर्मशाळा उभ्या केल्या, दारू आणि कर्जाविरुद्ध खेडोपाडी लोकांना जागे केले. पण त्यांचे कीर्तन तुकोबांच्या अभंगांनी भरलेले असे, हे सांगायचे राहून जाते. बाबांनी पोथी वाचली नसेल, संतांची वाणी मात्र त्यांनी पूर्ण पचवली होती. पोथीवाचून चांगुलपणा उगवतो याचा हा पुरावा नाही. ऐकलेले शब्द हातापायांत उतरले तर काय घडते, याचा हा पुरावा आहे. शिवाय आपापल्या दृष्टीने सगळेच चांगले वागतात. बांध कोरणाऱ्यालाही आपलेच खरे वाटते. आपल्या सोयीप्रमाणे न बदलणारे माप आपल्याबाहेर कुठे तरी असावे लागते. ग्रंथ ते माप पुरवतो.

तिसरा युक्तिवाद सर्वांना सोयीचा: ते संत होते, आपण प्रापंचिक माणसे. म्हणजे संतांनी आचरावे आणि आपण हात जोडावेत. पण वारकरी परंपरेतले संत कोण होते? गोरोबा मडकी घडवत होते, सावतोबा मळा पिकवत होते, एकनाथ पैठणला संसार करत होते. तुकोबांच्या घरी दुकान होते, सावकारी होती. दुष्काळात घर उद्ध्वस्त झाल्यावर त्यांनी वसुलीच्या कागदांची वाटणी केली, धाकट्या भावाचे अर्धे कागद त्याच्या हवाली केले आणि आपल्या वाट्याचे अर्धे इंद्रायणीत सोडले, असे परंपरा सांगते. ज्याचा संसार मोडून पडला होता, ज्याला पैशाची सगळ्यात जास्त गरज होती, अशा व्यापाऱ्याने हे केले. भावाच्या हक्काला धक्का लावला नाही, फक्त स्वतःच्या हक्कावर पाणी सोडले. प्रपंचातला धर्म याहून स्पष्ट कसा दाखवायचा?

चौथा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे. तो म्हणतो, शास्त्र मनापासून मानणाऱ्यांनीच माणसांना देवळाबाहेर ठेवले. तेव्हा ग्रंथनिष्ठा जितकी कमी तितके बरे. हा आक्षेप टाळता येत नाही. पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना ते दगडमातीखाली गेले. त्यानंतर ६०० वर्षांहून अधिक काळ त्यांचे अभंग कीर्तनांत गायले गेले आणि तेवढाच काळ त्यांच्या जातीच्या माणसांना विठ्ठलाच्या पायांपर्यंत जाऊ दिले नाही. गाणारे आणि अडवणारे अनेकदा एकच होते. वाणी गळ्यात राहिली आणि काळजापर्यंत गेली नाही, तर काय होते हे पाहायला याहून मोठा दाखला नको.

पण हे दार उघडायला पुढे आलेला माणूस ग्रंथनिष्ठच होता. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अठरा प्रवचनांचे ते शब्द कैद्यांमध्ये बसून साने गुरुजींनी उतरवून घेतले, म्हणून आज ‘गीता प्रवचने’ आपल्या हातात आहे. गीतेचा अर्थ ज्याने आपल्या हाताने अक्षर अक्षर लिहून घेतला, त्यानेच पंधरा वर्षांनी, १ मे १९४७ रोजी, पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. मागणी एकच होती: विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले करा. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे मान्य झाले, तेव्हाच ते सुटले.

शास्त्र दोन्ही बाजूंच्या हातात होते. मग सच्ची निष्ठा कोणती, हे कसे ओळखायचे? ज्याने ग्रंथ दुसऱ्यावर उगारला, त्याने दार बंद केले. ज्याने तो आधी स्वतःला लावला, त्याने अन्न सोडले आणि इतर कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही. धर्मांधतेवरचा उपाय कमी श्रद्धा नव्हे. ग्रंथाचा पहिला आरोपी मी स्वतः आहे, असे मानणारी श्रद्धा हा तिच्यावरचा उपाय आहे.

ज्ञानेश्वरीची मागणीही हीच आहे. तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे येतात. तिथे पांडित्याची यादी नाही. नम्रता, दंभाचा अभाव, अहिंसा, क्षमा, सरळपणा ही नावे आहेत. अहिंसेवर ज्ञानेश्वर इतके थांबतात की वाचताना आपणच अवघडतो. अहिंसक माणूस पाऊल टाकतो ते पायाखालच्या जिवाला जपून. बोलण्याआधी कचरतो, आपल्या शब्दाने कोणी दुखावेल म्हणून. नजरही उचलतो ती जपून, कारण समोरच्या प्राण्यात देव आहे आणि त्याला ती रुतेल. आणि पुढे अज्ञानाची लक्षणे सांगताना, आपल्या विद्येचा पसारा मांडणे आणि केलेल्या सत्कृत्याची दवंडी पिटणे हे त्यांनी अज्ञानातच मोजले आहे. सप्ताहात हा भाग येतो आणि १३०० ओव्यांच्या ओघात निघून जातो. त्यातली एकच ओवी त्या दिवशी घरी नेली, तरी सुनेशी, मजुराशी, शेजाऱ्याशी बोलण्याचा सूर बदलल्याशिवाय राहणार नाही.

आचरणाची ही वाट नव्याने काढायची नाही. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ पडते ती ज्ञानेश्वरीच्या साक्षीने. वारी आणि एकादशी करीन, दारू-मांसाला शिवणार नाही, परस्त्रीला आईसमान मानीन, खोटे बोलणार नाही, असा शब्द तो देतो. पोथीच्या साक्षीने वागण्याचे वचन देणे हा आपल्या संप्रदायाचा पायाच आहे. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली तीही कीर्तनकाराला अर्थ कळावा आणि त्याच्या वागण्याला शिस्त यावी म्हणूनच. विस्मरण झाले आहे ते आपल्याला, परंपरेला नाही.

म्हणून सप्ताह समित्यांना आणि पारायणाला बसणाऱ्या प्रत्येक माणसाला माझी कळकळीची विनंती आहे. रोज पारायण संपल्यावर अर्धा तास त्या दिवसातल्या दहा ओव्यांचा अर्थ उलगडा. समाप्तीच्या दिवशी पोथीला नमस्कार करताना प्रत्येकाने एकच संकल्प करावा आणि तो स्वतःच्या व्यवहारातला असावा: कोरलेला बांध मागे घेईन, बहिणीचा हिस्सा तिला देईन, मजुराची थकलेली मजुरी चुकती करीन, मुलाच्या लग्नात हुंडा घेणार नाही. संकल्पाची यादी फळ्यावर लिहू नका, दवंडीही पिटू नका. पुढच्या वर्षी मंडपात बसण्याआधी मात्र प्रत्येकाने स्वतःला विचारावे, गेल्या वर्षीचा शब्द पाळला का? पाळला नसेल, तर आधी तो पुरा करा आणि मग पोथी उघडा.